हार्टला इज्जत असते

वहिनी,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी दादा मला जिन्यापाशी बाजूला घेऊन म्हणाला, "सुमे, एका अर्थी बघ, आपण खोटं नव्हतो बोलत." नुकताच अस्थी घेऊन परतला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर, देवाशप्पथ सांगते, सुटल्यासारखं काहीतरी होतं. तीन वर्षं सगळ्या ग्वाल्हेरला सांगत आलो की हिला हार्टचा त्रास आहे, आणि शेवटी दवाखान्याच्या डॉक्टरनं कागदावर तेच लिहून दिलं. कुणी पकडलं नाही. मला शिसारी आली. मोरीत जाऊन मी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. लहानपणी माझी पाटी पुसून देणारा सख्खा भाऊ आहे तो, आणि त्या क्षणी तो माझ्या शेजारी उभा आहे हेही मला सोसवेना.

आपल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर तुझ्याबद्दल लिहून आलं आहे: मनमिळाऊ, धर्मपरायण, दीर्घ आजार. मनमिळाऊ! तू तर माणसाला समोर बसवून सोलायचीस, आणि सोलून झालं की त्यालाच चहा विचारायचीस. धर्मपरायण म्हणजे काय, तर आई पूजेला बसली की तू घंटेच्या आवाजात रेडिओ लावून घ्यायचीस. आजार मात्र दीर्घ होता, हे खरं. फक्त कुठला, ते फळ्यावर लिहायची कुणाची छाती नाही.

त्या दिवशी तुला हिरवी साडी नेसवली, हातभर चुडा भरला, ओटी भरली. आईनं स्वतः तुझ्या केसांना तेल लावून, फणी फिरवून अंबाडा घातला. जिवंत होतीस तेव्हा महिना महिना त्या केसांत गुंता असायचा आणि घरातलं कुणी हात लावत नव्हतं. मी येऊन विंचरायला बसले की आई दारातून म्हणायची, "तिचे हात मोडलेत का?" आता म्हणे अहेव गेली, भाग्याची गेली. शिंदे की छावनीतल्या बाया रांग लावून तुझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या, तुझ्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावत होत्या. एक तर म्हणाली, "असं मरण मागून मिळत नाही." मला वाटलं, तू एक डोळा उघडून तिला काहीतरी ऐकवशील. नाही ऐकवलंस.

हार्ट कुठून आलं ते आठवतं ना? गौरी जेवल्या त्या संध्याकाळी. घर हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेलं, आणि तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. कित्येक दिवस तशीच होतीस. अंघोळ नाही, धड झोप नाही, विचारलं तर "काही नाही ग, उठवत नाही" एवढंच. बायका विचारायला लागल्या, सूनबाई कुठंय? आईनं पुरणपोळीचं ताट पुढे करत, पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, "तिला हार्टचा त्रास निघालाय. डॉक्टरांनी उभं राहायलाच मना केलंय." मी वाट्या भरत होते. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पण बायकांचे आवाज कसे मऊ झाले! दोघी-तिघी तर पावलं न वाजवता तुझ्या दारापर्यंत जाऊन, लांबूनच हात जोडून आल्या. आदल्या आठवड्यापर्यंत ह्याच बायका म्हणत होत्या की वकिलाच्या बायकोला फार थाट आलाय.

दुसऱ्या दिवसापासून डाळिंबं यायला लागली. पिशवीतून, परातीतून, कुणी ड्रायव्हरच्या हाती. अर्जुनाची साल आली, सोललेला लसूण आला. तुझ्या लेकीचं, अनूचं, लग्न व्हायचंय, घरात वेडाचं काही आहे असं कळलं तर स्थळं परत जातील, हे दादाचं गणित. भिंतीवर पूर्वजांची तलवार टांगलेली, आणि एक शब्द उच्चारायला घरातल्या सगळ्यांची बोबडी वळलेली.

मी तुझ्याशी भांडले. आधी त्यांच्याशी भांडले, मग तुझ्याशी. तू कशी मान्य करतेस हे, खरं नाव घे आजाराचं, असं मी म्हणत होते, आणि तू पडल्या पडल्या डाळिंबाचे दाणे एकेक करून तोंडात टाकत होतीस. म्हणालीस, "अगं, हार्टला इज्जत असते. हार्टवाल्या बाईला कुणी म्हणतं का, उठ, भजनाला जा, मन रमव? दिल की बीमारी में अनार आते हैं, दिमाग की बीमारी में ताने. मला निवांत पडू दे ना यार." मग एकदम कोपरावर उठून बसलीस. खूप दिवसांनी तुझे डोळे तसे चमकलेले पाहिले. "लाव शर्यत. ज्या दिवशी ह्या घरातून खरं नाव बाहेर जाईल ना, त्या दिवसानंतर एक जरी डाळिंब आलं, तर मी हरले. तू शहाणी, मी बावळट." मी शर्यत लावली. माझी खात्री होती की लोक इतके काही वाईट नसतात.

मजाही केली आपण त्या खोट्याची, कबूल करू या. लग्नकार्यात तुझ्या पानात तळलेलं वाढायचं नाही असा हुकूम निघाला होता. सगळे जिलबी-भजी हाणतायत आणि तुझ्यापुढे उकडलेली लौकी, म्हणजे दुधी. तू इतक्या सोशीक चेहऱ्यानं ती खायचीस की माझ्या नाकातून पाणी यायचं. मग मी दाल बाजारातून, माझ्या सासरच्या खालच्याच दुकानातून, गरम बेडई, ती डाळ भरलेली पुरी, पदराखाली लपवून आणायची. थंडीत तिळगुळाचं गजक. दार लावून आपण दोघी खायचो आणि आईची चाहूल लागली की तू छातीवर हात ठेवून डोळे मिटायचीस. एकदा गजकाचा तुकडा गालात धरून तू कण्हलीस आणि दोघी इतक्या हसलो की खरंच ठसका लागला. त्या दिवशी तू अंघोळ केलीस, केस धुतलेस. मला वाटलं, गाडी रुळावर येते आहे.

ह्याच बाईनं मला मेळ्याच्या रिकाम्या मैदानावर लूना शिकवली होती. सासरचे नोकरी सोड म्हणत होते तेव्हा इंदरगंजच्या भर चौकात माझ्या सासऱ्यांना थांबवून, "काका, तिचा पगार नको असेल तर माझ्याकडे पाठवा" असं म्हणालेली होतीस. मी आज निवृत्त शिक्षिका म्हणून मिरवते ती तुझ्यामुळे. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बस कर, रडवू नकोस."

मग झाशी. इथं कुणी बघेल म्हणून दादानं झाशीच्या मनोरोगाच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. मी बरोबर आले. त्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्याशी एकटीशी बराच वेळ बोलून मग आम्हाला आत घेतलं. मला त्यांचं बोलणं अजून कानात आहे. "देखिए, ये उदासी सिर्फ मन में नहीं रहती. शरीर भी हर वक्त तनाव में रहता है, नींद बिगड़ती है, चलना-फिरना बंद हो जाता है, और इसका ज़ोर दिल पर पड़ता है. ऐसे मरीज़ों में दिल की बीमारी का खतरा ज़्यादा होता है. दवा बीच में मत छोड़िए, रोज़ थोड़ा टहलाइए, और घर जाकर बी.पी., शुगर, ईसीजी करवा लीजिए." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा दादाकडे बघून.

परतीच्या गाडीत दादा काय म्हणाला? "ऐकलंत ना? हार्टशी संबंध आहेच. म्हणजे आपण अगदीच खोटं नाही बोलून राहिलो." वकील माणूस. डॉक्टरीणबाईंनी धोक्याची सूचना दिली आणि यानं तिचा दाखला करून खिशात ठेवला. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "सुमे, तुझ्या दादांना उगाच कोर्टात घातलं. भटजी करायला हवं होतं, प्रत्येक पापाला शास्त्र काढतात." दादा हसला. तुझ्या बोलण्यावर तो नेहमी हसायचा, त्याचं तुझ्यावर प्रेम होतं. म्हणून तर जास्त किळस येते.

कारण तो ईसीजी कधी निघालाच नाही. छातीला चार वायरी लावायच्या, पाच मिनिटांचं काम. मी दर खेपेला विचारत होते. आधी दादा म्हणायचा, वेळ नाही. मग एक दिवस खरं बाहेर आलं. "इंदरगंजात काढला तर लॅबवाला आपल्याच मंडळातला. आणि नॉर्मल आला तर? सगळ्यांना काय तोंड दाखवू? मंडळाचा सेक्रेटरी तर आत्तापासून म्हणतोय, रिपोर्ट द्या, माझा भाचा दिल्लीत हार्टचा डॉक्टर आहे." आईनं मान डोलावली. मी म्हटलं, आणि नॉर्मल नाही आला तर? दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काहीतरी असभ्य बोलले. तिला हार्टचं काही नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं ना! खोटं त्यांनीच तर रचलं होतं.

तुझाही राग येतो, वहिनी. मी रिक्षा घेऊन दारात आले होते, आणि तू "पुढच्या सोमवारी जाऊ ना, आज कपडे बदलायचं जिवावर आलंय" म्हणून पांघरूण ओढून घेतलंस. तो तुझा आळस नव्हता, आजार होता, हे मला कळतं. कळतं तरी येतो. त्या रिक्षावाल्याला परत पाठवताना मी काय पुटपुटले ते तुला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

तू गेलीस त्या सकाळी मी नव्हते. मला सांगितलं ते एवढंच, की अचानक झालं, काही करायला वेळच मिळाला नाही. दहा दिवस मी ते खरं मानून चालले. दहाव्या दिवशी समोरच्या भदौरिया चाची माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पदराचं टोक चुरगाळत बोलायला लागल्या. त्याच सकाळी त्या आपलं पातेलं न्यायला आल्या होत्या. तू ओट्याला धरून उभी होतीस, थंडीत घामानं भिजलेली, जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतंय म्हणत. दादा कोर्टात जायला निघालेला, म्हणाला, "झालं सुरू." आईनं तुझी घबराहटीची गोळी काढून दिली आणि पड जा म्हणाली.

"मैंने तो चिल्ला के बोला, अरे इनको तो हार्ट है, गाड़ी निकालो, मैं अपने वाले को भेजती हूँ," चाची सांगत होत्या. "तो माताजी हँसने लगीं. बोलीं, नहीं नहीं बहन, हार्ट-वार्ट कुछ नहीं है इसको, घबराहट है, आदत है इसकी. बेटा, मुझे तो कुछ समझ ही नहीं आया. तीन साल से आप ही लोग बोल रहे थे कि हार्ट है. मैंने बोला हार्ट है, तो हँस दीं. मैं अपना बर्तन लेके घर आ गई."

ऐकलंस? ज्या एका दिवशी ते खोटं तुझ्या कामी आलं असतं, त्याच दिवशी आपल्या घरानं खरं बोलायचं ठरवलं. सबंध गल्लीत एकच बाई तुला दवाखान्यात न्यायला निघाली, जिला आम्ही फसवलं होतं ती. आणि ते खरंही कुठं पुरतं खरं होतं? हार्ट तोवर खरोखरच बिघडलं होतं. दुपारी तुला उचललं तेव्हा उशीर झाला होता.

मी हे दादाला सांगितलं, सगळ्यांसमोर नाही, गच्चीवर. तो कठड्याला टेकून खाली बसला. "मला वाटलं नेहमीचंच आहे," म्हणाला. मग तुझ्या नावानं हाका मारून रडला, शेजारचे लोक खिडकीत आले इतका. मी उभी राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचलला गेला नाही. अजून गेलेला नाही. कधी जाईल ते तुला विचारलं असतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते अनूचं. तुझी लेक भोपाळहून आली ती परत गेलीच नाही. तेराव्याच्या धामधुमीनंतर मी पाहिलं, तुझ्याच खोलीत, तुझ्याच पलंगावर, त्याच भिंतीकडे तोंड करून पडलेली. दिवस जायचे, उठायची नाही. भेटायला आलेल्या बायकांना आई सांगत होती, "अनूला कमजोरी आलीय, खून कम है." आई बीट किसत होती, ते दाखवत होती सगळ्यांना. सुतक फिटलं नाही तोच कारखाना पुन्हा सुरू.

दुपारी मी अनूजवळ जाऊन बसले. ती वळली नाही, भिंतीलाच विचारलं, "आत्या, मम्मीला खरंच काय होतं?" मी सांगितलं. झाशी, गोळ्या, न निघालेला ईसीजी, चाची, सगळं. ती आता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला पण तेच होऊन राहिलंय आत्या. भोपाळपासूनच. मम्मीला सांगणार होते, पण तिचं हार्ट... मला वाटलं, तिला टेन्शन नको द्यायला." हे ऐकून मला बुक्की मारावीशी वाटली, कुणाला ते समजेना. पोरीनं आईला स्वतःचं दुखणं सांगितलं नाही, का, तर आईला हार्टचं दुखणं आहे म्हणून.

"चल," मी म्हटलं.

"झाशीला?"

"झाशीला कशाला? इंदरगंजात."

भर सकाळी गेलो, दादाच्या ऑफिसच्या रांगेतच. बाहेर हा मोठा बोर्ड, मनोरोग असं लांबून वाचता येणारा. आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. अनूनं केस विंचरले होते, तुझी ती मोरपंखी ओढणी घेतली होती. आणि बघ योग, शेजारच्या लॅबमधून मंडळाच्या सेक्रेटरींची बायको बाहेर आली. आम्हाला बघून थबकली, बोर्डाकडे पाहिलं, आणि बिचारीनं स्वतःहून आमच्यासाठी खोटं तयार करून दिलं. "अगं बाई, तुम्ही इकडे? वरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ना?" किती सोपं होतं. नुसती मान हलवायची.

मी तोंड उघडणार तोच अनू म्हणाली, "नाही काकू, ह्याच डॉक्टरकडे. मला डिप्रेशन आहे. मम्मीला पण होतं, तीन वर्षं. तिचा ईसीजी कुणी काढला नाही, मी माझा काढून घेणार आहे." काकूंनी पदर सावरला, "बरं बरं, जपा हं" म्हणाल्या आणि भराभरा जिना उतरून गेल्या. अनूनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बांगडी रुतली. वहिनी, त्या क्षणी तू तिथं असायला हवी होतीस. तूसुद्धा जे म्हणाली नाहीस ते तुझी लेक म्हणाली.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दादा दारात उभा. "काय केलंस हे सुमे?" मी म्हटलं, "मी काही नाही केलं, तिला विचार." अनू आत गेली आणि गोळ्यांची पट्टी तिनं जेवायच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. आई म्हणाली, "झाकून ठेव ग, कुणी येतं जातं." अनू म्हणाली, "राहू दे आजी, दिसू दे." दादानं पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि पुन्हा तिथंच ठेवली. अनूचा ईसीजी ठीक आला आहे. डॉक्टर म्हणाले, दर वर्षी काढत राहा, आणि रोज चाला. संध्याकाळी ती चाचींबरोबर चालायला जाते.

तर वहिनी, शर्यत तू जिंकलीस. छावनीत घराघरात कळलं आहे, खरं नाव सगळ्यांपर्यंत गेलं आहे, आणि एकही डाळिंब आलेलं नाही. मंडळातल्या बायकांचे पाय तर आमच्या गल्लीकडे वळेनासे झालेत. तुझ्या पायांवर डोकी ठेवून गेल्या त्याच ह्या. मी वाट पाहिली, उगाच, कुणीतरी एक तरी येईल म्हणून. आज सकाळी मी स्वतःच जाऊन एक घेऊन आले. अनूनं सोललं. निम्मे दाणे तिनं खाल्ले, निम्मे वाटीत घालून माझ्यासमोर ठेवलेत, आणि ते काही माझ्याच्यानं खाववत नाहीत.

तुझी,
सुमन